चोरांना कंटाळून सिनेमाच्या सेटवरच लोगो लावणारा जादूगार : जॉर्ज मेलिएस आणि त्यांच्या 'स्टार फिल्म'ची गोष्ट

साल १९०५ च्या आसपासचं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात सिग्मंड ल्युबिन नावाचे एक चष्मेवाले सिनेमाच्या धंद्यात उतरून चांगलेच स्थिरावले होते. ते स्वतः सिनेमे काढायचे, पण त्यांच्या कमाईचा दुसराही एक मार्ग होता. युरोपातून आलेल्या फिल्मवरून गुपचूप निगेटिव्ह बनवायची आणि तिच्या कॉप्या काढून आपला माल म्हणून विकायच्या. फ्रेड बाल्शोफर नावाचा एक तरुण त्यांच्याकडे कामाला होता. मूळ कंपनीचं चिन्ह फिल्मवर जिथे जिथे दिसेल तिथे ते झाकून टाकायचं, हे त्याचं काम.

पुढे बाल्शोफर स्वतः निर्माते झाले आणि म्हातारपणी त्यांनी या दिवसांच्या आठवणी लिहिल्या. त्यात एक प्रसंग आहे. एकदा एका गिऱ्हाइकाला चंद्रावरच्या सफरीचा सिनेमा दाखवणं चालू होतं. चिन्ह पुसून सगळं साफ केलेलं. आणि मध्येच ते गिऱ्हाईक उठलं, प्रोजेक्टरसमोर हात आडवा धरून त्याने चित्र बंद पाडलं आणि आरडाओरडा सुरू केला. कारण तो सिनेमा त्याच्याच घरातला होता. त्याचं आडनाव होतं मेलिएस.

बाल्शोफर यांनी त्याला जॉर्ज मेलिएस म्हटलंय. पण अमेरिकेचा कारभार तेव्हा जॉर्ज यांचे थोरले भाऊ गास्तों बघत होते, त्यामुळे तो माणूस गास्तोंच असणार असं मानलं जातं. ते काहीही असो. चोरालासुद्धा आधी पुसावं लागायचं असं ते चिन्ह काय होतं? तर एक साधी पाच टोकांची चांदणी.

प्रभातची तुतारी, एमजीएमचा सिंह हे लोगो आपल्याला पाठ आहेत. सिनेमा सुरू होण्याआधी ते दिसतात आणि जातात. मेलिएस यांची चांदणी मात्र कधीकधी सिनेमाच्या आतच असायची, थेट सेटवर. ती तिथे का गेली, हे समजून घ्यायचं तर मेलिएस यांची गोष्ट बुटांच्या कारखान्यापासून सुरू करावी लागते.

बुटांचा कारखाना नको, जादूचं थिएटर हवं

८ डिसेंबर १८६१ रोजी पॅरिसमध्ये जॉर्ज यांचा जन्म झाला. वडिलांचा उंची बुटांचा कारखाना होता आणि घरात पैसा होता. तीन भावांमध्ये जॉर्ज धाकटे. त्यांना शाळेत अभ्यासापेक्षा वहीत चित्रं काढण्यात आणि पुठ्ठ्याचे कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करण्यात जास्त रस. चित्रकार व्हायचं म्हटल्यावर वडिलांनी साफ नकार दिला. कारखान्यात त्यांना यंत्रांवर देखरेख करायला बसवलं गेलं. हे शिक्षण पुढे फार कामी आलं, कारण यंत्र उघडून त्यात फेरफार करायची त्यांची भीती तिथेच मोडली.

१८८४ मध्ये इंग्रजी शिकण्यासाठी घरच्यांनी त्यांना लंडनला पाठवलं. इंग्रजी किती आलं कोण जाणे, पण तिथल्या इजिप्शियन हॉलमध्ये ते रोज संध्याकाळी जाऊ लागले. तिथे मॅस्केलाइन यांचे जादूचे प्रयोग चालत. नुसती हातचलाखी नव्हे, तर गोष्ट, पडदे, दिवे, यंत्रं असा सगळा थाट असलेले. मेलिएस तिथून जादूगार बनूनच परतले.

१८८८ मध्ये वडील धंद्यातून बाजूला झाले. जॉर्ज यांनी आपला वाटा भावांना विकला आणि त्या पैशांतून पॅरिसमधलं रॉबेर-उदां थिएटर विकत घेतलं. प्रसिद्ध जादूगार रॉबेर-उदां यांचं हे छोटेखानी, दोनेकशे खुर्च्यांचं थिएटर. जमिनीतले चोरदरवाजे, यंत्रावर चालणाऱ्या बाहुल्या सगळं तयार होतं. मेलिएस यांनी स्वतःचे नवे प्रयोग रचले, पडदे स्वतः रंगवले. जेहान दाल्सी ही अभिनेत्री तिथेच काम करायची. तिचं नाव लक्षात ठेवा, ती या गोष्टीत शेवटपर्यंत आहे.

सिनेमा आला आणि चांदणी उगवली

२८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसच्या ग्रँड कॅफेच्या तळघरात ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून सिनेमा दाखवला. (हाच सिनेमा सहा महिन्यांनी, ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात आला.) पहिल्या खेळाला मेलिएस हजर होते. खेळ संपताच त्यांनी यंत्र विकत मागितलं. त्यांनीच सांगितलेल्या हकीकतीप्रमाणे त्यांनी दहा हजार फ्रँक देऊ केले. ल्युमिए विकायला तयार झाले नाहीत.

मग मेलिएस लंडनला गेले, रॉबर्ट पॉल यांच्याकडून प्रोजेक्टर विकत घेतला आणि तो उघडून, उलटसुलट करून त्याचा कॅमेरा बनवला. तो चालताना इतका खडखडायचा की खुद्द मालकच त्याची तुलना कॉफी दळायच्या गिरणीशी करायचे. १८९६ च्या वसंतात रॉबेर-उदां थिएटरमध्ये जादूच्या खेळांसोबत सिनेमेही दिसू लागले. पहिला स्वतःचा सिनेमा होता पत्ते खेळणाऱ्या माणसांचा. खरं सांगायचं तर ती ल्युमिएंच्याच सिनेमाची नक्कल होती. चोरीविरुद्ध आयुष्यभर झगडलेल्या माणसाची सुरुवात नकलेने झाली हे थोडं गमतीचं आहे. पण त्या पहिल्या वर्षात सगळेच सगळ्यांची नक्कल करत होते.

त्याच वर्षी त्यांनी ल्युसियाँ रेलोस या भागीदारासोबत धंदा उभा केला. कंपनीचं नाव 'स्टार फिल्म'. फ्रेंच माणूस, फ्रेंच कंपनी आणि नाव मात्र इंग्रजी. बोधचिन्ह म्हणून चांदणी. तेव्हाच्या बाजारात सिनेमा मीटरवर, कापडासारखा विकला जायचा. जत्रेतले तंबूवाले कॅटलॉग बघून फिल्म विकत घेत. स्टार फिल्मच्या कॅटलॉगमध्ये साधारण २० मीटर फिल्मला एक नंबर असे. म्हणूनच चंद्रावरच्या सफरीच्या २६० मीटरच्या सिनेमाला एक नव्हे तर तेरा नंबर मिळाले, ३९९ ते ४११.

कॅमेऱ्यातली जादू त्यांना कशी सापडली याची हकीकतही त्यांनीच सांगून ठेवली आहे. पॅरिसच्या ऑपेरा चौकात शूटिंग चालू असताना फिल्म अडकली. मिनिटभराने दुरुस्ती करून त्यांनी पुन्हा हँडल फिरवलं. पडद्यावर बघतात तर घोड्यांची बस अचानक शववाहिका झालेली आणि पुरुषांच्या बायका झालेल्या. हकीकत जरा जास्तच नेटकी आहे. शिवाय कॅमेरा थांबवून माणूस बदलायची युक्ती एडिसन यांच्या कंपनीने १८९५ मध्ये एका शिरच्छेदाच्या दृश्यात आधीच वापरली होती. पण त्या युक्तीतून एक अख्खी कला मेलिएस यांनीच उभी केली यात शंका नाही. १८९६ मध्येच त्यांनी जेहान दाल्सीला खुर्चीवर बसवून कॅमेऱ्यासमोर गायब करून दाखवलं. रंगमंचावर यासाठी चोरदरवाजा लागायचा, इथे फक्त हँडल थांबवायचं होतं.

जादूगार सिनेमाकडे वळला की काय होतं, हे आपल्याला नवीन नाही. दादासाहेब फाळकेही सिनेमाच्या आधी जादूचे प्रयोग करायचे, आडनावाची अक्षरं उलटवून प्रोफेसर केल्फा या नावाने. त्यांच्या पौराणिक चित्रपटांतल्या चमत्कारांमागेही कॅमेऱ्याच्या याच जातीच्या करामती होत्या.

काचेचा महाल

१८९७ मध्ये मेलिएस यांनी पॅरिसजवळ मोंत्रईला, घराच्या जागेवर, स्टुडिओ बांधला. भिंती आणि छत काचेचं, कारण शूटिंगला सूर्यप्रकाशच लागायचा. आत मात्र सगळी रचना थिएटरसारखी. चोरदरवाजे, वर-खाली होणारे मंच, चक्रं. त्या काळची फिल्म रंग भलतेच दाखवायची, लाल रंग काळा येई. म्हणून पडदे, सामान, कपडे सगळं काळ्या-पांढऱ्या-करड्या छटांत रंगवलं जायचं. चेहऱ्याचा मेकअपही तसाच. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि बहुतेक वेळा मुख्य नट, सगळं मेलिएस स्वतः.

१९०२ चा 'अ ट्रिप टू द मून' हे या सगळ्याचं शिखर. तीन महिने काम, दहा हजार फ्रँक खर्च, पडद्यावर चौदाएक मिनिटं. चंद्रावरची माणसं म्हणून फोली बेर्जेरचे कसरतपटू आणले होते. चंद्राच्या डोळ्यात घुसलेला तोफगोळा तुम्ही कुठे ना कुठे पाहिलाच असेल. जास्त पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला हा सिनेमा रंगीत मिळायचा. एलिझाबेत थुइयिए यांच्या पॅरिसमधल्या कार्यशाळेत दोनशेच्या आसपास बायका बारीक ब्रशने एकेक फ्रेम रंगवत. एका बाईने एकच रंग द्यायचा, मग फिल्म पुढच्या बाईकडे.

सिनेमा अमेरिकेत तुफान चालला. पैसे मात्र मेलिएस यांच्याकडे आले नाहीत.

फिल्मची चोरी इतकी सोपी कशी होती?

त्यासाठी कॉम्प्युटर लागत नव्हता. एक विकत घेतलेली प्रिंट घ्यायची, कोऱ्या फिल्मला चिकटवून उजेडासमोरून न्यायची, की निगेटिव्ह तयार. मग हव्या तितक्या कॉप्या. चित्र थोडं धूसर यायचं, पण जत्रेत कोण बघतंय? ल्युबिन यांनी चंद्राचा सिनेमा मंगळाच्या नावाने विकला. एडिसन यांची कंपनीही यात मागे नव्हती. ज्यांच्या नावावर शेकडो पेटंट, जे स्वतः पेटंटच्या खटल्यांसाठी प्रसिद्ध, त्यांच्याच कंपनीने दुसऱ्याचा सिनेमा असा विकावा, हे आजही पचायला जड जातं.

कायदाही धड नव्हता. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात १९१२ पर्यंत चलच्चित्र असा प्रकारच नव्हता. म्हणून निर्माते सिनेमाची प्रत्येक फ्रेम कागदाच्या लांबलचक पट्टीवर छापत आणि तो फोटोंचा गठ्ठा आहे असं दाखवून नोंदणी करत. बरं, कॉपी पकडली तरी हा सिनेमा आमचाच आहे हे सिद्ध कसं करणार? तेव्हा सिनेमाला नामावली नसायची. कंपनीचं नाव फार तर सुरुवातीच्या पट्टीवर, आणि ती कात्रीच्या एका घावात जायची.

म्हणून लोगो आत शिरला. मेलिएस यांच्या काही सिनेमांत सेटच्या एखाद्या कोपऱ्यात चांदणी असलेली पाटी दिसते. गोष्टीशी तिचा काही संबंध नसतो. ती कापायची तर दृश्यच कापावं लागेल, आणि पुसायची तर प्रत्येक फ्रेमवर जाऊन पुसावी लागेल. पॅरिसच्या पाथे कंपनीनेही आपला कोंबडा असाच सेटवर बसवला, अमेरिकेच्या बायोग्राफने 'ए' आणि 'बी' ही अक्षरं भिंतींवर टांगली. आज टीव्हीच्या कोपऱ्यात चॅनेलचं चिन्ह दिसतं ना, तेच काम. पण ल्युबिन यांच्याकडच्या पोराने दाखवून दिलं की चोराकडे वेळ असेल तर तो एकेक फ्रेमही पुसतो.

मग १९०३ मध्ये गास्तों यांना न्यूयॉर्कला पाठवण्यात आलं. तिथे त्यांनी स्टार फिल्मची शाखा उघडली, सिनेमांची नोंदणी सुरू केली. प्रिंट पाठवण्याऐवजी निगेटिव्हच पाठवता यावी म्हणून मोंत्रईत एकाच वेळी दोन निगेटिव्ह काढायची सोय झाली, दोन लेन्स शेजारी शेजारी ठेवून. याचा एक विलक्षण परिणाम शंभर वर्षांनी दिसला. दोन डोळ्यांसारख्या शेजारच्या दोन लेन्स म्हणजे नकळत झालेलं थ्रीडी शूटिंग. २०१० च्या सुमारास दोन्हीकडच्या प्रती जुळवून असे सिनेमे खरोखर थ्रीडीत दाखवले गेले.

धंदा बदलला, मेलिएस बदलले नाहीत

चोरीने मेलिएस यांचं नुकसान केलं, पण त्यांना बुडवलं ते बाजाराने. हे वेगळं सांगायला हवं, कारण त्यांच्यावरच्या लेखांत बहुतेक वेळा एडिसन खलनायक आणि विषय संपला असं असतं. १९०७ मध्ये पाथेने फिल्म विकणं बंद करून भाड्याने द्यायला सुरुवात केली. आता पक्की थिएटरं उभी राहत होती, त्यांना दर आठवड्याला नवा माल हवा होता. पाथेकडे कारखाना होता. मेलिएस यांच्याकडे काचेची एक खोली आणि स्वतःचे दोन हात होते.

१९०८ च्या अखेरीस एडिसन यांनी अमेरिकेतल्या निर्मात्यांची एक गटबांधणी केली. स्टार फिल्म त्यात सामील झाली, पण बदल्यात दर आठवड्याला ठराविक लांबीची फिल्म पुरवणं आलं. एका माणसाने हाताने रंगवलेल्या पडद्यांवर ते कसं जमणार? १९०९ च्या फेब्रुवारीत पॅरिसला निर्मात्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, अध्यक्ष मेलिएसच होते. फिल्म विकायची नाही, भाड्यानेच द्यायची असं तिथे ठरलं. अध्यक्षांना ते मान्य नव्हतं. जत्रेतले तंबूवाले, म्हणजे त्यांचं खरं गिऱ्हाईक, यात मरणार हे त्यांना दिसत होतं.

तिकडे गास्तों यांनी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला चांदणी लावून काउबॉयचे सिनेमे काढायला घेतले. दिग्दर्शक जॉन फोर्ड यांचे थोरले भाऊ फ्रान्सिस फोर्ड तिथे काम करायचे. मग १९१२ मध्ये गास्तों अख्खा ताफा घेऊन ताहितीपासून आशियापर्यंत शूटिंग करत फिरले. बरीचशी फिल्म खराब होऊन पोहोचली. अमेरिकेची शाखा त्यात संपली. १९१५ मध्ये गास्तों वारले.

इकडे जॉर्ज यांनी १९११ मध्ये पाथेशी करार केला. पैसे पाथेचे, सिनेमे मेलिएसचे, तारण मोंत्रईचं घर आणि स्टुडिओ. उत्तर ध्रुवाच्या सफरीचा मोठा सिनेमा त्यांनी १९१२ मध्ये काढला. त्यातला माणसं गिळणारा बर्फाचा राक्षस आजही बघण्यासारखा आहे. पण दहा वर्षांपूर्वी नवीन वाटणारं आता जुनं झालं होतं, सिनेमा पडला. पाथेची माणसं त्यांचे सिनेमे कापू लागली. १९१३ मध्ये मेलिएस यांचा शेवटचा सिनेमा झाला. त्याच वर्षी पत्नी युजेनी गेली. पाचशेवर सिनेमांनंतर स्टार फिल्म थांबली.

बुटांच्या टाचा

पहिल्या महायुद्धात मोंत्रईच्या स्टुडिओचं जखमी सैनिकांसाठी इस्पितळ झालं. १९१७ मध्ये लष्कराने स्टार फिल्मच्या चारशेहून अधिक प्रिंट ताब्यात घेतल्या असं सांगितलं जातं. त्यातली चांदी काढून घेतली आणि उरलेल्या सेल्युलॉइडपासून सैनिकांच्या बुटांच्या टाचा बनवल्या. बुटांच्या धंद्यातून निसटलेल्या मुलाचे सिनेमे शेवटी बुटातच गेले.

१९२३ मध्ये कर्जापोटी मोंत्रईची मालमत्ता गेली. बुलव्हार ओसमान हा रस्ता पुढे न्यायचा म्हणून रॉबेर-उदां थिएटर पाडण्यात आलं. जागा सोडताना निगेटिव्हच्या पेट्या ठेवायच्या कुठे हा प्रश्न होता. साठी ओलांडलेल्या मेलिएस यांनी रागाच्या भरात त्या पेटवून दिल्या. बरेचसे पडदे आणि कपडेही त्यात गेले. ज्या फिल्मचा एकेक कोपरा चोरांपासून राखण्यासाठी चांदणी लावली, ती फिल्म मालकाच्या हातानेच गेली.

१९२५ मध्ये त्यांनी जेहान दाल्सीशी लग्न केलं. तिचं पॅरिसच्या मोंपार्नास रेल्वे स्टेशनवर खेळण्यांचं आणि गोळ्या-चॉकलेटचं छोटं दुकान होतं. तिथे दोघं दिवसभर बसायचे, थंडीच्या दिवसांतही. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या २०११ च्या 'ह्यूगो' चित्रपटात दिसणारं दुकान ते हेच.

लेओं द्रुओ या सिनेपत्रकाराने त्यांना शोधून काढलं आणि त्यांच्याबद्दल पुन्हा लिहिलं जाऊ लागलं. १९२९ मध्ये झाँ-प्लासीद मोक्लेर या थिएटरमालकाला एका जुन्या वाड्याच्या आवारात मेलिएस यांच्या काही प्रिंट सापडल्या. १६ डिसेंबर १९२९ ला पॅरिसच्या साल प्लेएल सभागृहात त्यांच्या सन्मानार्थ खेळ झाला. १९३१ मध्ये त्यांना लिजन ऑफ ऑनर हा किताब मिळाला. तो त्यांच्या छातीवर लावला लुई ल्युमिए यांनी, म्हणजे ज्यांच्या घराण्याने त्यांना कॅमेरा विकला नव्हता त्यांनीच.

किताबाने पोट भरत नाही. १९३२ मध्ये सिनेमावाल्यांच्या संस्थेने मेलिएस, जेहान आणि आई वारलेली नात मादलेन यांना ऑर्लीच्या वृद्धाश्रमात जागा दिली, तेव्हा कुठे दुकान सुटलं. तिथे आंरी लांग्ल्वा नावाचा सिनेमावेडा तरुण त्यांना भेटायला येऊ लागला. लांग्ल्वा आणि त्याचे मित्र जुन्या फिल्म गोळा करत होते, पण ठेवायला जागा नव्हती. आश्रमाच्या आवारातली एक पडीक इमारत मिळाली आणि तिची किल्ली मेलिएस यांच्याकडे राहिली. फ्रान्सचं पुढचं मोठं फिल्म संग्रहालय, सिनेमाथेक फ्रांसेज, ते याच गोळा केलेल्या डब्यांतून वाढलं. २१ जानेवारी १९३८ ला कॅन्सरने मेलिएस गेले. पेर लाशेज स्मशानभूमीत त्यांची कबर आहे.

त्यांच्या पाचशेवर सिनेमांपैकी आज दोनशेच्या आसपास उरले आहेत. त्यांतले काही अमेरिकेत कॉपीराइटसाठी जमा केलेल्या त्या कागदी पट्ट्यांमुळे वाचले, तर काही जगभर विखुरलेल्या प्रिंटमुळे. चंद्राच्या सिनेमाची हाताने रंगवलेली एक प्रत १९९३ मध्ये स्पेनमध्ये, बार्सिलोनाच्या संग्रहालयाकडे आली. फिल्म आक्रसून दगडासारखी घट्ट झालेली होती. तेरा हजारांवर फ्रेम एकेक करून सोडवायला वर्षं लागली आणि २०११ मध्ये ती कान महोत्सवात दाखवली गेली. त्यात तोफ उडवण्याच्या दृश्यात जो झेंडा फडकतो त्याचा रंग लाल-पिवळा-लाल आहे, स्पेनचा. रंगवणाऱ्यांना ही प्रिंट कुठे जाणार हे माहीत असावं.